हेगमधले खटले आणि मायदेशातले राजकारण

प्रश्न (फोंडा) : मी बारावीला राज्यशास्त्र शिकवते. पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी १९९३ साली स्थापन झालेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवले, हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की मग तिथल्या जहाल पक्षांचे बळ घटले की वाढले? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मडगाव) : मॅडम, सर्बियात तरी सुरुवातीला ते वाढलेच. माजी राष्ट्राध्यक्ष मिलोसेविच यांना हेगच्या हवाली केले गेले तो दिवस २८ जून २००१ हा होता, म्हणजे सर्ब लोक कोसोवोच्या लढाईचे स्मरण करतात तो विदोवदान; आणि दुसऱ्याच दिवशी सर्बियाला आर्थिक मदत देणाऱ्या देशांची परिषद भरायची होती. पैशासाठी आपला माणूस परक्यांना दिला, या प्रचाराला त्यामुळे आयतेच खाद्य मिळाले. ज्यांनी हे धाडस केले त्या पंतप्रधान जिंजिच यांची १२ मार्च २००३ रोजी बेलग्रेडमध्ये सरकारी इमारतीच्या दाराशीच गोळी झाडून हत्या झाली. मला आजही या घटनेचे फार वाईट वाटते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जहाल राष्ट्रवादी नेते शेशेल्य हेगच्या कोठडीत होते, तरी त्यांचा रॅडिकल पक्ष निवडणुकीत सर्वांत मोठा ठरला.

उत्तर (डिचोली) : हे खरे असले, तरी एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. क्रोएशियात, युद्धात सर्बांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेले आणि न्यायाधिकरणाला हवे असलेले जनरल गोतोविना सापडत नव्हते, म्हणून युरोपीय संघाने मार्च २००५ मध्ये प्रवेशाची बोलणी पुढे ढकलली, तेव्हा सत्तेवर असलेल्या राष्ट्रवादी पक्षालाच शेवटी न्यायाधिकरणाशी सहकार्य करावे लागले. २०१२ मध्ये अपिलात गोतोविना निर्दोष सुटले, तेव्हा झाग्रेबमध्ये त्यांचे वीरासारखे स्वागत झाले आणि सर्बियात संताप उसळला, हेही मुलांना सांगावे. शिवाय बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या सर्ब फौजांकडून सुमारे ८,००० मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, याची साक्षीपुराव्यांनिशी नोंद या खटल्यांमुळेच झाली. सर्बियाच्या संसदेने २०१० मध्ये त्या गुन्ह्याचा निषेध केला, पण ठरावात वंशसंहार हा शब्द येऊ दिला नाही. न्यायालयाचा रेटा राजकारणाला कुठवर हलवू शकला, ते मला त्या गाळलेल्या शब्दात दिसते.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. चवथीच्या सुट्टीनंतर हा पाठ पुन्हा घेईन आणि २८ जून व १२ मार्च या दोन तारखा आधी फळ्यावर लिहीन.