अनुभव धागा : काम जमतं कसं, आणि जमलेलं काम आवडायला कधी लागतं

‘मनासारखं काम शोधा’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. आपापल्या कामात हात कसा बसतो, सुरुवातीला हमखास काय चुकतं, का चुकतं आणि ते दुरुस्त कसं करायचं, एवढंच लिहा. आकडे, मापं, अवजारांची नावं येऊ द्या. आपली जीवनकथा नको; वाचणाऱ्याला उद्या हातात घेता येईल असा तपशील हवा.

करिअर समुपदेशक

सुरुवात नोंदवहीपासून करा. दोन आठवडे, दर तासाला एक ओळ: काय केलं, आणि ते करताना उत्साह वाढला की ओसरला. पुढे अधिक किंवा उणे अशी खूण. ओळीत क्रियापद हवंच. ‘मीटिंग’ एवढं लिहून काही कळत नाही. ‘ग्राहकाची तक्रार ऐकून घेतली’, ‘नव्या माणसाला मशीन समजावलं’, ‘आकडे जुळवले’ असं लिहिलं की कळतं. बहुतेकांचं चुकतं ते असं, की सगळी नोंद रात्री एकदम करतात. दिवसाचा शेवट वाईट झाला असेल तर सकाळचं चांगलं कामही उणे होऊन बसतं.

दोन आठवडे झाले की प्रत्येक उणेपुढे कारण लिहा. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७०च्या दशकात कामाचे पाच गुण मांडले होते, ते चाळणी म्हणून आजही उत्तम चालतात. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का? काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होतं का? त्याचा कुणाला उपयोग होतो का? ते कसं करायचं हे आपण ठरवतो का? आणि काम नीट झालं की बिघडलं, हे त्या कामातूनच कळतं का? बऱ्याच वह्यांमध्ये अडचण शेवटच्या प्रश्नापाशी निघते. अहवाल पाठवला, पुढे त्याचं काय झालं ठाऊक नाही. अशा कामात माणूस कितीही हुशार असो, कोमेजतो. यावर नोकरी बदलणं हा पहिला उपाय नव्हे. तो अहवाल वापरणाऱ्या माणसाशी महिन्यातून एकदा १५ मिनिटं बोलायचं ठरवा. कुठला तक्ता तो वाचतो आणि कुठला वाचतच नाही, ते विचारा.

उणेचं कारण प्रवास, कामाची पाळी (शिफ्ट) किंवा एखादा सहकारी असेल तर ते कामाच्या खात्यावर लिहू नका. नाहीतर क्षेत्र बदलाल आणि तोच त्रास नव्या जागी भेटेल.

आहे त्याच नोकरीत थोडं काम बदलून घ्यायचं असेल तर वरिष्ठांकडे मोघम मागणी करू नका. ‘मला काहीतरी आव्हानात्मक द्या’ याला उत्तर मिळत नाही. ‘सहा आठवडे, आठवड्याला चार तास, हे एक काम माझ्याकडे द्या, शेवटी अमुक आकडा दाखवेन, नाही जमलं तर परत पूर्वीसारखं’ याला होकार मिळण्याची शक्यता खूपच जास्त असते, कारण समोरच्याची जोखीम मर्यादित राहते.

वेल्डिंग शिकवणारा

हाताच्या कामात एक फार मोठी सोय असते: चूक डोळ्यांना दिसते. तिचा फायदा घ्या.

आर्क वेल्डिंगसाठी (विजेच्या ठिणगीनं धातू वितळवून जोडण्यासाठी) ६ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी घ्या आणि ३.१५ मिमीचा ६०१३ रॉड. या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. ११०वर सुरू करा. गंज, रंग, तेल ग्राइंडरनं काढा. खडूनं दोन-दोन सेंटिमीटरवर समांतर रेघा मारा आणि प्रत्येक रेघेवर एक सरळ बीड (वितळलेल्या धातूची रेघ) ओढा. रॉड पुढे सरकण्याच्या दिशेला १५–२० अंश कललेला, आणि रॉडच्या टोकापासून पट्टीपर्यंतचं अंतर साधारण रॉडच्या जाडीइतकंच. रॉड जळत जातो तसा हात खाली यायला हवा. शिकाऊ माणसाचं निम्मं वेल्डिंग इथेच बिघडतं, कारण हात आडवा सरकतो पण खाली उतरत नाही. अंतर वाढलं की शिंतोडे उडतात, बीड पसरतो, आवाज फसफसता होतो. बरोबर असताना आवाज सलग, बारीक तडतडीचा येतो. कान तयार झाला की डोळ्यांवरचा ताण कमी होतो.

आता मुख्य गोष्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच बीड ११० अँपिअरवर, पुढचे पाच १३०वर, हाताचा वेग तोच. मग वेग बदला, अँपिअर तेच. प्रत्येक बीडशेजारी आकडा लिहून ठेवा. बीडच्या कडेला खाच पडली तर करंट जास्त, आर्क लांब किंवा हात घाईचा. बीड दोरीसारखा वर उभा राहिला, कडा धातूत मिसळल्याच नाहीत, तर करंट कमी. बारीक छिद्रं दिसली तर रॉड दमट किंवा पट्टी मळकट. दोन थरांमध्ये काळं काही अडकलं असेल तर पहिल्या थराचा स्लॅग (वर जमणारी काळी खपली) चिपिंग हॅमरनं आणि तारेच्या ब्रशनं नीट काढला नव्हता.

वरून सुंदर दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा स्वतःचा जोड करवतीनं आडवा कापा, कापलेली बाजू कानशीनं गुळगुळीत करा आणि बघा. हे करायला मन धजत नाही, पण सगळ्यात जास्त शिकवणारा तोच तुकडा असतो. एवढ्या करंटला हेल्मेटमध्ये १० नंबरची गडद काच वापरा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर सराव करू नका. त्याचा धूर फ्लूसारखा ताप आणतो.

हिशेब आणि एमआयएस (कंपनीचे नियमित अहवाल)

वर ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ म्हटलंय, ते एक्सेललाही तंतोतंत लागू आहे. फरक इतकाच, की एक्सेलमधली चूक दिसत नाही. चुकीचं उत्तरही तितक्याच नीटनेटक्या चौकटीत येतं.

नेहमीचं उदाहरण व्हीलूकअपचं, म्हणजे एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधून तिच्यापुढची माहिती आणणाऱ्या सूत्राचं. त्याचा चौथा भाग रिकामा सोडला तर एक्सेल ‘साधारण जुळणारं’ उत्तर शोधतं, आणि यादी चढत्या क्रमानं लावलेली नसेल तर भलत्याच ओळीचा आकडा उचलून देतं. लाल खूण नाही, सूचना नाही. तिथे शून्य किंवा ‘फॉल्स’ लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मध्ये एखादा कॉलम घातला की व्हीलूकअपमध्ये हातानं लिहिलेला कॉलम क्रमांक तसाच राहतो, ते निराळं दुखणं. नव्या आवृत्तीतल्या एक्सलूकअपमध्ये हे दोन्ही त्रास नाहीत.

दोन याद्या डोळ्यांना सारख्या दिसतात आणि तरी जुळत नाहीत, तेव्हा तीन ठिकाणी बघा. आकडा मजकूर म्हणून साठवलेला आहे का: तो डावीकडे चिकटलेला असतो, कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोण असतो. कॉलम निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि थेट ‘फिनिश’ दाबा, बहुतेक वेळा काम होतं. शब्दाच्या शेवटी मोकळी जागा आहे का: ‘ट्रिम’ वापरा. आणि वेबपेजवरून आणलेली यादी असेल तर ती मोकळी जागा साधी नसतेच, तिचा क्रमांक १६० असतो. ‘ट्रिम’ तिला हात लावत नाही, ‘सब्स्टिट्यूट’नं काढावी लागते. याच्यावर लोकांचे तासन् तास जातात. तारखेच्या जागी ४५६५८ दिसलं तर दचकू नका. ती १ जानेवारी २०२५ आहे, चौकटीचा फॉरमॅट तेवढा बदलायचा.

आता वाढीबद्दल. कोर्सचे व्हिडिओ एकामागून एक बघून हात बसत नाही. आपलाच मागच्या महिन्याचा अहवाल घ्या, फक्त कच्चा डेटा ठेवा, बाकी सगळं पुसा आणि पुन्हा उभा करा. अडलात तिथेच थांबून तेवढंच शिका. दर महिन्याला हातानं होणारं चिकटवाचिकटवीचं काम पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं डेटा आणून जुळवणारं साधन) बसवलं की पुढच्या महिन्यापासून ‘रिफ्रेश’ पुरतं. आणि प्रत्येक शीटच्या माथ्यावर एक ताळ्याची ओळ ठेवा: कच्च्या डेटाच्या ओळी किती, अहवालात किती, दोन्हीकडची बेरीज किती, फरक किती. फरक शून्य. ही ओळ ठेवणाऱ्यावर लोक विश्वास टाकतात, आणि नवा अहवाल आखायची वेळ आली की त्यालाच बोलावतात. या कामातली बढती मला तरी बहुधा अशीच होताना दिसते.

प्रशिक्षण विभाग

‘दहा हजार तास’ हा आकडा फार वापरला जातो, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. त्याचा उगम मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या रियाजाची ती सरासरी होती. एवढे तास भरले की प्रावीण्य मिळतं, असं त्यात कुठेही नाही. मोजला होता तो एकट्यानं, उणीव हेरून, ती भरून काढण्यासाठी केलेला रियाज. जे येतंय तेच रोज करत राहिलं की वर्षं भरतात, हात तिथेच राहतो.

दुसरं, वाचलेलं पुन्हा वाचू नका, आठवून बघा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर मात्र स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. शिकताना पहिला मार्ग सोपा वाटतो, म्हणूनच तो फसवतो. प्रकरण संपलं की वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग वेगळ्या रंगाच्या पेनानं राहिलेलं भरा. तोच कागद एक, तीन, सात आणि एकवीस दिवसांनी.

अनुवादक

आमच्याकडे स्लॅग दिसत नाही, पण संपादकाच्या दुरुस्त्या दिसतात. त्या नुसत्या ‘स्वीकारा’ दाबून पुढे जाऊ नका. एका तक्त्यात मूळ वाक्य, आपलं वाक्य, दुरुस्त वाक्य आणि चुकीची जात. शंभरेक दुरुस्त्या जमल्या की दोन-तीन जाती वारंवार आलेल्या दिसतात. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्यांत हमखास सापडणारी जात ही:

‘समितीद्वारे निर्णय घेतला गेला.’ – ‘समितीनं निर्णय घेतला.’

‘द्वारे’ आणि ‘गेला/गेली/गेलं’ हे दोन शब्द फाइलमध्ये शोधून प्रत्येक ठिकाणी थांबा. पंधरा मिनिटांचं काम आहे, मजकूर ओळखू येणार नाही इतका मोकळा होतो. दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द हा नीट कामाचा वेग. त्याच्या दुप्पट कबूल केलं तर कात्री दुसऱ्या वाचनाला लागते, आणि नेमकं तेच वाचन पुढचं काम मिळवून देतं.

मुलाखती घेणारी

अर्जात ‘अमुक कामाची जबाबदारी होती’ या ओळी गाळा. काय केलं, किती, कशामुळे, याची ओळ लिहा: ‘रोजचा ताळेबंद तीन तासांवरून ४० मिनिटांवर आणला, पॉवर क्वेरी वापरून’. दोन कॉलमची सजावट टाळा; अर्ज वाचणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये डावी-उजवी ओळ एकत्र मिसळते. आपला अर्ज कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे क्रम नीट लागला तर बहुधा अडचण नाही.

बोलताना एका प्रसंगाला दोन मिनिटं. परिस्थिती २० सेकंदांत संपवा, कारण लोक तिथेच दीड मिनिट घालवतात. आणि ‘आम्ही केलं’ असं पाचदा म्हटलंत तर तुमचा वाटा कुठला, हे विचारावंच लागतं.

नव्या क्षेत्रात जाण्याआधी तिथल्या माणसाशी बोला. जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीची माणसं इथे जास्त कामी येतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच दाखवलं होतं. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. निरोपात नोकरी मागू नका, २० मिनिटं मागा. ‘काम कसं आहे?’ हा प्रश्न वाया जातो, उत्तर ‘छान आहे’ येतं. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारा. मग खरं काम समोर येतं, आणि त्यातलं किती आपल्याला आवडेल, ते वरच्या नोंदवहीशी ताडून बघता येतं.

शिवणवर्ग चालवणारी

थोडक्यात लिहिते. अख्खा कपडा पुन्हा पुन्हा शिवून हात लवकर बसत नाही. अडतं ते एका जागी, बहुतेकींचं बाहीशी. जुन्या सुती कापडातून फक्त मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा भाग) आणि बाही कापा, अशा पाच जोड्या. बसत्या मापाच्या कपड्यात बाहीच्या गोलाईचं माप मुंढ्यापेक्षा २ ते ४ सेंमी जास्त असतं, आणि ते जास्तीचं कापड चुण्या न पडता जिरवायचं असतं. गोलाईवर मोठ्या टाक्याच्या दोन कच्च्या शिवणी घाला, दोरे हलके ओढा, खांद्याची खूण आधी जुळवा आणि मग दोन्ही बाजूंनी टाचण्या लावत खाली या. मशीनवर बाहीची बाजू खाली ठेवा; दाते ते जास्तीचं कापड आपोआप आत ओढतात. चुणी पडली तर सगळी शिवण उसवू नका, तिच्या आजूबाजूचे तीन-चार सेंटिमीटर उसवा आणि कापड पुन्हा वाटून घ्या.

पाचवी बाही पहिलीशेजारी ठेवून बघा. बहुतेक जणी इथेच विचारतात, ‘आता कॉलर दाखवता का?’