मदत हवी आहे: अरबी भाषक सहकाऱ्यांच्या इंग्रजी ईमेलमधल्या त्याच त्याच चुका

कार्टन_मोजणी
नमस्कार. दुबईतल्या एका मालवाहतूक कंपनीत ग्राहकांना जाणारी ईमेल तपासायचं काम माझ्याकडे आहे. लिहिणारे सहा जण इजिप्त, जॉर्डन आणि सीरियाचे. कामात पक्के, पण इंग्रजीत ठरावीक चुका फिरून फिरून येतात. नमुने देते:

आय सेंट द इन्व्हॉइस सिन्स थ्री डेज.
द शिपमेंट विच यू आस्क्ड अबाउट इट अराइव्ह्ड.
वी हॅव ट्वेंटी कार्टन इन द वेअरहाउस.
द डॉक्युमेंट्स इज रेडी.
आय नीड टू युवर अप्रूव्हल.

एकेक वाक्य दुरुस्त करून पाठवलं तरी पुढच्या आठवड्यात तेच. यामागे अरबीचे काही नियम आहेत का? सगळ्यांना द्यायला एक पान तयार करायचं तर त्यात काय घ्यावं?

अलिफ_ते_ज्ञ
पाचही वाक्यांमागे अरबीचा नियम आहे, म्हणूनच नुसतं खोडून काही होत नाही.

पहिलं वाक्य सर्वांत धोक्याचं. अरबीत ‘मुन्धु’ हा एकच शब्द ‘तीन दिवसांपूर्वी’ आणि ‘तीन दिवसांपासून’ या दोन्हींसाठी चालतो. बोलीत त्याच जागी ‘मिन’ येतो, म्हणून कधी ‘फ्रॉम थ्री डेज’ असंही दिसेल. त्यांना म्हणायचं असतं की बिल तीन दिवसांपूर्वी पाठवलं. नियम असा द्या: काम होऊन संपलं असेल तर आकडा आधी आणि ‘अगो’ शेवटी. काम अजून चालू असेल तर कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या दिवसाला ‘सिन्स’. बिलाच्या बाबतीत तर सरळ तारीखच लिहायला सांगा.

दुसऱ्या वाक्यातला ‘इट’ जास्तीचा आहे. ‘मी पाठवलेला अहवाल’ हे अरबीत ‘अत्तक्रीर अल्लधी अर्सल्तुहु’ असं होतं आणि शेवटचा ‘हु’ म्हणजेच ‘तो’. क्रियापदाला किंवा शब्दयोगी अव्ययाला हे सर्वनाम जोडायची तिथे सवय असते. तपासायची पद्धत सोपी आहे: ‘विच’ किंवा ‘दॅट’ दिसलं की त्याच तुकड्यात त्याच वस्तूसाठी ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ पुन्हा आलंय का ते पाहा. आलं असेल तर काढा. याची उलटी बाजूही आहे. नाम अनिश्चित असेल तर अरबीत ‘जो’ लागतच नाही, म्हणून ‘देअर इज अ कस्टमर वॉन्ट्स रिफंड’ असं वाक्य तयार होतं.

तिसरं मला फार आवडतं, कारण तिथे निष्काळजीपणा अजिबात नाही. अरबीत ३ ते १० या आकड्यांपुढे नाम अनेकवचनी, ११ पासून ९९ पर्यंत एकवचनी, आणि नुसत्या शंभर किंवा हजारापुढेही एकवचनीच. त्यामुळे तोच माणूस ‘फाइव्ह कार्टन्स’ बरोबर लिहील आणि ‘ट्वेंटी कार्टन’ चुकवेल. पॅकिंग लिस्टमध्ये मुद्दाम ११ पासूनचे आकडे तपासा.

चौथं: माणसं सोडून इतर अनेकवचनांना अरबी स्त्रीलिंगी एकवचनासारखं वागवते. ‘अल्-वथाइक जाहिझा’, म्हणजे शब्दशः ‘कागदपत्रं तयार आहे’. म्हणून ‘एम्प्लॉईज आर’ नीट येतं, ‘डॉक्युमेंट्स आर’ येत नाही.

पर्यंत_म्हणजे_कधी
वरचं सगळं बरोबर. पण तपासणारी व्यक्ती मराठी आहे, हा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ज्या चुका दोन्ही भाषांत सारख्या आहेत त्या आपल्या कानाला खटकतच नाहीत.

‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ वाचून आपण पुढे जातो, कारण ‘पाच वर्षांपासून काम करतोय’ हेच आपल्या डोक्यात असतं. हवं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’.

‘प्लीज सेंड द पेपर्स अन्टिल थर्सडे’ तर खरंच महागात पडू शकतं. अरबी ‘हत्ता’ आणि मराठी ‘पर्यंत’ दोन्ही अर्थांनी चालतात. इंग्रजीत मात्र ‘अन्टिल’ म्हणजे तोवर पाठवत राहा आणि ‘बाय’ म्हणजे त्या दिवशी किंवा त्याआधी एकदा. मुदतीच्या वाक्यात ‘अन्टिल’ दिसला की थांबा. ‘बाय’, वार, तारीख आणि वेळ अशा चारही गोष्टी लिहायला लावा.

‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’ हे तसंच. अरबीत ‘मालूमात’ आणि ‘मुअद्दात’ अनेकवचनीच आहेत, आणि आपल्याकडेही ही रूपं सर्रास वापरतात.

आर्टिकलमध्ये मात्र आपली वाट उलटी. अरबीत भाववाचक नामालाही ‘अल्’ लागतो, म्हणून ‘द क्वालिटी इज इम्पॉर्टंट’. ‘अ’साठी वेगळा शब्दच नाही, म्हणून ‘आय हॅव मीटिंग’. मराठीत दोन्ही नाहीत, त्यामुळे इथे स्वतःच्या कानावर विसंबू नका. क्वालिटी, सेफ्टी, सर्व्हिस हे शब्द शोधून त्यांच्याआधी विनाकारण ‘द’ आलाय का ते बघा.

कार्टन_मोजणी
‘बाय’ आणि ‘अन्टिल’ची चूक मी स्वतःच तशीच पुढे पाठवली असती. दोघांचे आभार. आता ‘नीड टू’चं काय? आणि ‘व्हाय यू डिड नॉट सेंड?’ वाचून ग्राहकांना उद्धटपणा वाटतो.

अलिफ_ते_ज्ञ
‘यहताज इला’ म्हणजे गरज असणे. त्यातला ‘इला’ थेट ‘टू’ होऊन येतो. ‘वसल इला’वरून ‘अराइव्ह टू’, ‘इत्तसल बि’वरून ‘कॉन्टॅक्ट विथ’, ‘मस्ऊल अन्’वरून ‘रिस्पॉन्सिबल अबाउट’. इन, ऑन, अ‍ॅटचे सर्वसाधारण नियम शिकवत बसू नका. कामात रोज लागणाऱ्या दहा-बारा जोड्या जशाच्या तशा द्या.

प्रश्नात ‘डू’ आणायची पद्धत अरबीत नाही. प्रश्नशब्द आणि पुढे साधं वाक्य. ग्राहकाला ‘का’ विचारणंच टाळायला सांगा. ‘कुड यू प्लीज सेंड’ हे तयार वाक्य दिलं की व्याकरण आणि सूर दोन्हींचा प्रश्न सुटतो.

अरबीत ‘प’ हा ध्वनी नाही, त्यामुळे ‘पॅक’ आणि ‘बॅक’, ‘पे’ आणि ‘बे’ यांची अदलाबदल होते. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेक गप्प राहतो. हे डोळ्यांनीच बघावं लागेल.

पानावर अगो, बाय, ११ पुढचे आकडे आणि त्या जोड्या एवढंच घ्या. कॅपिटल अक्षरं सध्या सोडा. अरबी लिपीत लहान-मोठी अक्षरं नसतात, पण त्यामुळे माल अडत नाही. प्रत्येक ओळीत अरबी शब्द उजवीकडे आणि इंग्रजी रूप डावीकडे ठेवा, म्हणजे त्यांची नजर आधी ओळखीच्या शब्दावर पडेल. अरबी भाग त्यांच्यापैकीच एकाकडून लिहून घ्या.