शेजाऱ्यांवर चॅप्टर केस कशी लावायची? मदत हवी आहे

जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. शेजारच्या काकांना आमचा कमालीचा राग. जागेचा, पैशाचा, पार्किंगचा कसलाच वाद नाही. आधी नुसते टोमणे असायचे, आता नळाला पाणी यायच्या दिवशीच आमचा पाइप कापलेला सापडतो. इथे पाणी रोज येत नाही, एक पाळी हुकली की टँकरच मागवावा लागतो. परवा आईच्या तुळशीत अ‍ॅसिड ओतलं. पानं करपली, कुंडीतली माती फेसाळत होती.

त्यांच्या मुलाशी बोललो, तो बिचारा हात जोडतो. पोलिसांत एनसी (अदखलपात्र तक्रार) दिली, पुढे काहीच हललं नाही. कॅमेऱ्यात हात दिसतो, चेहरा नाही. आईच्या गुडघ्यांमुळे घर बदलणं शक्य नाही. आणि धाकटा भाऊ आता "त्यांची गाडीच पेटवतो" म्हणतोय, मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

चॅप्टर केसमध्ये बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम 126 (जुन्या सीआरपीसीचं 107) खाली शांततेचा बाँड, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी घेता येते, एवढं माहीत आहे. शहरात पोलीस आयुक्तालय आहे, मग अर्ज थेट एसीपींकडे (सहायक पोलीस आयुक्तांकडे) द्यायचा की पोलीस ठाण्यामार्फतच जातो? आणि चेहरा नसलेलं फुटेज तिथे धरतात का?