जॉनी लिव्हरला बढती मिळाली की बदली?

खारे वारे, मालवण

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीत माघी गणपतीला ऑर्केस्ट्रा होता. तिसऱ्या गाण्यानंतर लाईट गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला. दोन गाण्यांच्या मध्ये नकला करणारा एक पोरगा होता, तो स्टेजच्या कडेवर येऊन उभा राहिला. माईक बंद. जनरेटरवाल्याला पानावरून उठवायला निघालेल्या मंडळाच्या अध्यक्षांची चाल त्याने काढली, आणि तीही काळोखात. पुढच्या रांगेतून कुणीतरी मोबाईलची बॅटरी मारली, मग सगळ्यांनीच मारल्या. वीस मिनिटं अध्यक्ष, जनरेटरवाला, त्याची बायको आणि ताटातली सुरमई, सगळे तिथे हजर. लाईट आली तेव्हा लोक ओरडले, 'बंद कर ती!'

नंतर चहा पिताना पोरगा म्हणाला, एका मालिकेत हवालदाराचं काम मिळालंय, आता हे सोडायचं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मीही केलं. घरी येताना मात्र वाटेभर चुकचुकत होतं.

आता माझा मुद्दा. जॉनी लिव्हर बघा. धारावीत वाढला, सातवीनंतर शाळा सुटली, रस्त्यावर नटांच्या नकला करत पेनं विकली. हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार असताना तिथल्याच कार्यक्रमात साहेबांच्या नकला केल्या आणि जॉन प्रकाश रावचा जॉनी लिव्हर झाला. १९८१ मध्ये नोकरी सोडली. १९८२ च्या 'दर्द का रिश्ता'त सुनील दत्तनी घेतलं, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेजवर हा माणूस एकटा, हातात माईक, समोर हजारभर लोक. कधी थांबायचं, कुणाला चिमटा काढायचा, सगळं त्याच्या मर्जीने. आणि सिनेमात? नोकर, मॅनेजर, हिरोचा दोस्त. हिरो आत आला की कॅमेरा वळला.

याला आपण 'मोठा झाला' म्हणतो. मला ही बढती वाटत नाही, बदली वाटते. पगार वाढला आणि खुर्ची गेली.

तिसरी घंटा, कुडाळ

खारे वारे, लिहिलंय छान, पण उलटं लिहिलंय.

निळू फुले घ्या. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातला माणूस. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगात लोकांना हसवून नाव कमावलं. १९६८ ला 'एक गाव बारा भानगडी' आणि मग १९७५ चा 'सामना'. त्यातला हिंदुराव पुन्हा एकदा बघा, हसतो कसा ते. वगात उभ्या राहिलेल्या माणसाला हशा नेमका कुठे येतो ते माहीत असतं, म्हणूनच तो कुठे येऊ द्यायचा नाही हेही त्यालाच कळतं. समोर डॉ. लागू असताना हा माणूस नुसता तंबाखू मळल्यासारखा शांत बसतो. वगातच राहिले असते तर हे आपल्याला मिळालं असतं का?

एकट्याने तासभर बोलणं ही मोठी कला आहे, मान्य. पण दुसऱ्याचं ऐकणं ही त्याहून अवघड. एकपात्रीवाल्याला ते शिकावंच लागत नाही, कारण समोर कुणी नसतंच.

खारे वारे, मालवण

समोर कुणी नसतं? समोर आख्खा गाव असतो हो. मुंबईहून आलेले चाकरमानी, मागे दारू पिऊन बसलेले दोघे, रडणारं पोर. त्या सगळ्यांचं ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य तोंडातून निघत नाही.

आणि निळूभाऊ वगातले. तिथे राजा होता, प्रधान होता, बतावणी होती. एकटा माईकवाला नव्हे. तुमचं उदाहरण माझ्या धाग्याच्या कुंपणाबाहेरचं आहे.

जयगडची खाडी

कुंपण सोयीने हलतंय बरं का.

गुहागरी

मी खारे वारेंच्या बाजूने, पण कारण वेगळं. लोक बदली मंजूर करत नाहीत.

'एक होता विदूषक', १९९२. दिग्दर्शक जब्बार पटेल, लिखाण पु.लं.चं, सोंगाड्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जीव ओतून केलेलं काम होतं. पण चालला नाही. माझी आत्या मध्यंतरात बाहेर आली, हातात वडा, आणि काळजीने म्हणाली, 'लक्ष्याला बरं नाय काय रे?' तिला अभिनय दिसलाच नाही, तिला आजारी माणूस दिसला. दोष ना आत्याचा, ना लक्ष्याचा. ज्याने आपल्याला दहा वर्षं हसवलं त्याचा चेहरा आपण आपल्या मालकीचा समजतो.

तिसरी घंटा, कुडाळ

मग प्रभावळकर? विनोदी भूमिकांनीच घराघरात गेले. 'हसवाफसवी' स्वतः लिहिलं आणि त्यात एकट्याने सहा माणसं केली. पुढे २००६ ला 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी! त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्याच कामाला आणि 'शेवरी'ला मिळून. गांधीजी दिसले तेव्हा चिमणराव आठवून कुणी हसलं का?

गुहागरी

प्रभावळकर पहिल्यापासून नटच. वेषांतर करणाऱ्याला लोक सूट देतात. स्वतःचाच चेहरा घेऊन उभा राहतो त्याला देत नाहीत.

पेटारा

माका ह्यो वादच कळाक नाय. बढती काय नि बदली काय? आमच्यात ता एकाच रात्रीत व्हता.

मी दशावतारात बावीस वर्सा आसंय. पूर्वरंगात संकासूर. काळो झगो, लाल जीभ, आणि तोंडात आमची मालवणी. येदा चोरून इलेलो असुर तो, पण खरा काम तेचा गावाक हसवचा. ज्या गावात दहीकालो, म्हंजे आमचो दशावताराचो खेळ, तेच्यातल्या सरपंचापास्ना पोस्टमनापर्यंत सगळ्यांची खेचूची. तुमचो तो स्टँडअप म्हणतास तो ह्योच. मगे विष्णू येता, संकासूराक मारता. मी आत जातंय, तोंड पुसतंय, बाकड्यार आरसो उभो करून दुसरो रंग लायतंय आणि आख्यानात राजाचो प्रधान म्हणान भायर येतंय. थंय माका हसवची बंदी. राजा रडत आसता, मी बाजूक हुबो. लोकांका ठावक आसता ह्योच मगाशी संकासूर होतो. सुरवातीक दोन-चार पोरा खिदळतत. मगे गप्प.

संवाद आमका कोण लिवन देणा नाय. मालक सांजचे सांगता, 'आज अमूक आख्यान, तू प्रधान.' बाकीचा स्टेजार. समोरचो काय बोलात ता ऐकल्याबिगर तुमी बोलूकच शकणा नाय. म्हणान सांगतंय, बोलणारो वेगळो आणि ऐकणारो वेगळो ह्या खोटा. एकच मनीस दोन रंग लायता.

गुहागरीच्या आत्येक येक सांगा. लोक चेहरो मालकीचो समजतत ता खरा. पन रात्रभर बसले तर सोडतत.

तिसरी घंटा, कुडाळ

पेटारा, साष्टांग. तुमच्या लिहिण्यावरून एक आठवलं. 'बाजीगर'मधल्या बाबूलालचे बरेचसे संवाद जॉनी लिव्हरने सेटवर आयत्या वेळी रचलेले, हे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे १९९३ चा हिट सिनेमा, शाहरुख-काजोल, आणि मध्येच एक माणूस तुमच्यासारखं काम करतोय. खुर्ची गेली म्हणता, खारे वारे? त्याने ती सेटवर नेली.

खारे वारे, मालवण

नेली खरी, पण बसायला किती मिनिटं दिली? तीन तासांच्या सिनेमात त्याच्या वाट्याला आलेला वेळ मोजा. पेटाराभाऊंचा प्रधान सकाळपर्यंत स्टेजवर असतो. सिनेमातला नोकर चहा ठेवून आत जातो.

तरी पेटाराभाऊंचं म्हणणं मला लागलंय. जरा विचार करू द्या.

सुरंगी

बढती-बदलीचा हा घोळ बायकांच्या नशिबी कधी येतो ते सांगा. ऑर्केस्ट्रात नकला करणारी बाई आमच्याकडे किती जणांनी बघितली आहे? इथे तर राधा आणि द्रौपदीसुद्धा वर्षानुवर्षं पुरुषच करत आले. आता महिलांची दशावतारी मंडळं उभी राहिली आहेत, तरी संकासूर करायला बाई पुढे आली की पहिला प्रश्न 'घरातले काय म्हणतील?' मालिकेत जायचं तर मोलकरीण नाहीतर खाष्ट सासू. तुमच्या हवालदाराला निदान पट्टा आणि टोपी मिळते.

चालू द्या तुमचं.

सेटवरचा एक

मी तो हवालदार आहे. म्हणजे तुमच्या ऑर्केस्ट्रातला नव्हे, दुसरा. लग्नात, पूजेला, क्रिकेटच्या टूर्नामेंटला नकला करायचो. २०१६ मध्ये आकेरीला 'रात्रीस खेळ चाले'चं शूटिंग सुरू झाल्यावर आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना कॅमेरा म्हणजे काय ते कळलं. मी त्या मालिकेत नव्हतो, नंतर दुसऱ्या एकीत मला चार दिवस मिळाले.

पहिला दिवस. सकाळी सहाला बोलावलं, वर्दी चढवली, आणि दुपारी तीनपर्यंत फणसाखाली खुर्चीत. माझं वाक्य एकच: 'साहेब, विहिरीत काहीतरी आहे.' तीन वाजता बोलावणं आलं. मी विहिरीवरून धावत आलो, 'काहीतरी'वर डोळे मोठे केले, आवाज कापवला, हात थरथरवला. ऑर्केस्ट्रात याच्यावर टाळ्या पडल्या असत्या. दिग्दर्शक जवळ आला आणि हळूच म्हणाला, 'दादा, ते तुम्हाला दिसलंय. आम्हाला दाखवू नका.'

दुसऱ्या टेकला कोंबडा आरवला. तिसऱ्याला रेल्वेचा भोंगा. चौथ्याला मी पुन्हा डोळे मोठे केले, सवयच ती. असे अकरा झाले. अकराव्याला मी दमलो होतो, कंटाळलो होतो, आणि नुसतं वाक्य बोलून साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोच घेतला. घरी टीव्हीवर लागला तेव्हा आई म्हणाली, 'घाबरलास रे तू खरोखरचा.' मी घाबरलो नव्हतो हो. भूक लागलेली.

तेव्हा बढती का बदली माहीत नाही. मला ती पहिलीतली शाळा वाटली, तीही चाळिसाव्या वर्षी. नंतर स्टेजवर गेलो तेव्हा माझ्या नकला कमी झाल्या आणि लोक जास्त हसले. आता मी कमी दाखवतो.

चाकरमानी परळवाला

सगळे कलेवर बोलताय. पावसाळ्याचं कोण बोलणार? जत्रा कार्तिकात सुरू, मे संपला की स्टेज बंद. चार महिने पाऊस, मंडपात पाणी, गणपती येईपर्यंत एक नाईट मिळत नाही. त्या पोराला घराचा हप्ता आहे का ते विचारलंत का, खारे वारे? मालिकेला पाऊस लागत नाही. उलट पाऊस पडला तर भुताचा सीन होतो.

खारे वारे, मालवण

हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. कबूल. फळबाग असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कलेवर उसासे टाकू नयेत, असं बायकोही म्हणाली.

तरी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मच्छिंद्र कांबळी, आमचे बाबूजी. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं आणि बाबूजी तात्या सरपंच झाले. सुरुवातीला नाटकाला माणूस नव्हता, मग पु.लं.नी केलेल्या कौतुकाने वारं फिरलं. पुढे पाच हजारांवर प्रयोग. १९८२ ला 'भद्रकाली' ही स्वतःची संस्था काढली आणि मालवणी नाटकं मुंबईच्या थिएटरात हाऊसफुल केली. २००७ मध्ये गेले तोवर तात्या सरपंच तेच. दुसऱ्याच्या सिनेमातला नोकर होण्यासाठी थांबले नाहीत. लोकांना आपल्या भाषेत आणलं.

तिसरी घंटा, कुडाळ

पण बाबूजी नाटकातले! मघाशी निळूभाऊंना याच कारणाने कुंपणाबाहेर काढलंत. आता आपला माणूस म्हणून फाटक उघडलं?

आणि तात्या सरपंच हेही चरित्रपात्रच की. द्रौपदीचं वस्त्रहरण करायला निघालेल्या गावकऱ्यांचा घोळ निस्तरणारा माणूस. त्यांच्यावर हसू येतं कारण ते स्वतः हसत नाहीत. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

जयगडची खाडी

कुंपण, परत एकदा.

खारे वारे, मालवण

बरं, कुंपण पाडलं. पण जॉनी लिव्हरच्या बाबतीत मी हटणार नाही. 'दीवाना मस्ताना' आणि 'दुल्हे राजा' या दोन्हींसाठी त्याला विनोदी भूमिकेचं फिल्मफेअर मिळालं. विनोदी भूमिकेचं, लक्षात घ्या. इतक्या वर्षांत कुणी त्याला आकेरीच्या दिग्दर्शकासारखं 'दाखवू नका' म्हणालं का? त्याच्या तोंडावर ते सगळं आहे, मला खात्री आहे. कुणी मागितलंच नाही. खुर्चीचं सोडा, माझी तक्रार आता ही आहे.

सेटवरचा एक

आकेरीचा नव्हता हो तो, दुसऱ्या मालिकेचा. पण तक्रार पटली.

पेटारा

तुमचो तो ऑर्केस्ट्रातलो झील काल माझ्याकडे इल्लो. हवालदाराचा शूटिंग म्हयनोभर पुढे गेला म्हणता. येत्या शनवारी आमचो दहीकालो आसा, संकासूर करूक मिळात काय, ईचारी होतो. म्हटलंय, कर. पन मगे रात्रभर आख्यानात राजाच्या पाठसून भालो घेवन हुबो रवाचा, तोंडातसून शबूत काढूचो नाय. तोंड वायच वाकडा झाला तेचा. पन हो म्हणालो.

नाटक साडेअकराक. खुर्चे कमी आसत, घरसून हाडा.