जुना ट्रॅक्टर सकाळी सेल्फ उचलत नाही, बॅटरी नवीन आहे, वायरिंग कसं सुधारायचं?

ऊसकरी_कागल:
भावांनो सल्ला पाहिजे. ३५ एचपीचा जुना तीन सिलेंडर ट्रॅक्टर हाय, इंजिन ठणठणीत, पण सकाळी गारठ्यात सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की ऊं ऊं करून दम सोडतोय आणि लाईट पार मंद होते. बॅटरी याच सीझनला नवीन टाकलीय. मिस्त्री म्हणतोय सेल्फच बदला. साखर कारखान्यावर ऊस घेऊन नंबरात थांबलो तर बंद करायची भीती वाटते, भरल्या ट्रॉल्यांसकट धक्का कोण मारणार, म्हणून चालूच ठेवतो आणि डिझेल फुकट जळतंय. सेल्फ घेऊ का आधी वायरिंग करू?

ऑटोवायरमन_उद्यमनगर:
दादा, सेल्फला आत्ताच पैसे घालू नका, आधी मीटर लावा. गाडी न्यूट्रलला टाका, डिझेल बंद करायची दांडी ओढून ठेवा म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंट्यावर (क्लॅम्पवर नाही, खुंट्यावरच, कारण गंजाचा थर, आम्ही त्याला कार्बन म्हणतो, त्या दोघांच्या मधेच धरतो) आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर धरा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर प्लसची केबल नाहीतर लग (केबलच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी) खराब. तसंच मायनसचा खुंटा ते सेल्फची बॉडी, तिथं ०.३ च्या वर नको. सेल्फ फिरताना बॅटरीवरच ९.५ च्या खाली आलं तर नवीन असली तरी बॅटरी लोडवर चेक करून घ्या. हे सगळं बरोबर असून पण सेल्फ जड फिरत असेल तर मग सेल्फच्या आतले बुश नाहीतर कार्बन ब्रश झिजलेत. दहा सेकंदाच्या वर सलग मारू नका, सेल्फ तापतो.

ऊसकरी_कागल:
मोजलं. प्लसला ०.४, अर्थिंगला (मायनसच्या बाजूला) १.३! बॅटरी १०.४ वर राहिली.

राधानगरी_शेतकरी:
मग सापडलं की वो. जुन्या गाडीत मायनसची पट्टी चेसिसला मारलेली असते, खाली रंग आणि गंज, आणि इंजिनपर्यंत करंट कसाबसा पोचतो. मायनसची केबल सरळ सेल्फच्या फाउंडेशन बोल्टला (ज्यानं सेल्फ इंजिनला बसवलाय) न्या, जागा पॉलिश पेपरनं घासून पांढरी करा, बोल्ट आवळा, वरनं ग्रीस लावा. चेसिसला वेगळी छोटी पट्टी ठेवा, लाईटला तीच लागते.

ऑटोवायरमन_उद्यमनगर:
बरोबर. केबल ५० स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या, बॅटरी लांब असेल तर ७०. घेताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा हाय, घेऊ नका. लग हातोडीनं ठोकून बसवू देऊ नका, हायड्रॉलिक प्रेसनंच दाबून घ्या, वर हीटश्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). आणि किल्ली फिरवल्यावर नुसता कट्ट आवाज येत असेल तर सोलेनॉइडला (सेल्फवरचा मोठा करंट जोडणारा स्विच) रिले टाका, म्हणजे किल्लीवर बारीकच करंट येतो; जुन्या किल्लीच्या स्विचचे पॉइंट जळलेले असतात. रिलेची बारकी वायर न्यूट्रल स्विचमधूनच (गाडी गिअरमध्ये असली तर सेल्फ लागू न देणारा) घ्या, तो बायपास करू नका. सेल्फला पाना लावून शॉर्ट करून चालू करायची सवय लै जणांना हाय, गाडी गिअरमध्ये असली तर थेट अंगावर येते. कृपा करून कुणी करू नका.

शिरोळ_ट्रॉलीवाला:
गाण्याचा टेप आणि एलईडीच्या माळा कशावर जोडल्यात ते पण बघा. रात्रभर नंबरात टेप चालला की सकाळी कुठली पण बॅटरी बसणारच. त्याला बॅटरीजवळच वेगळा फ्यूज टाका आणि चार्जिंग मोजा, इंजिन चढवल्यावर १३.८ ते १४.४ यायला पाहिजे.

ऊसकरी_कागल:
टेप डायरेक्ट बॅटरीवर हाय, फ्यूज नाही. उद्या दोन्ही केबल करून घेतो. काढताना आधी कुठली?

ऑटोवायरमन_उद्यमनगर:
आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. खुंटे कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पाणी झाकणातनं आत जाऊ देऊ नका. काम झालं की तसंच परत मोजा आणि अर्थिंगचं रीडिंग इथं टाका.