सॉफ्ट लाइट म्हणजे मंद प्रकाश का?

मूळ प्रश्न

गेले दोन महिने स्टुडिओतली पोर्ट्रेट लायटिंग शिकतोय. सामान थोडकंच आहे: एक फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे लावायची, पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी), फ्लॅशला लावायची एक छत्री आणि नाइलाजाने स्टुलावर बसायला तयार झालेली बहीण. टिपणं मराठीत काढायची सवय आहे आणि घोळ तिथेच झाला. वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, 'सॉफ्ट लाइट = मंद प्रकाश, हार्ड लाइट = प्रखर प्रकाश.' त्यामुळे नाकाची सावली कडक आली की मी फ्लॅशची पॉवर कमी करायचो. फोटो काळा यायचा. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवायचो. फोटो उजळायचा, सावली मात्र होती तशीच, सुरीने कापल्यासारखी. चार संध्याकाळी यात गेल्या. शेवटी बहीण म्हणाली, "तू फोटो काढतोयस की माझा अंत पाहतोयस?"

चूक आता कळली आहे, शब्द मात्र सापडलेला नाही. सॉफ्ट लाइटला काय म्हणावं? मऊ, सौम्य, कोमल? शिवाय की लाइट, फिल लाइट, फेदरिंग, कॅचलाइट हेही अडलेत. 'सरळ इंग्रजीच वापरा' हा सल्ला कृपया नको. बोलताना तेच वापरतो. मला ते समजून घ्यायला मराठी हवी आहे.

प्रतिसाद

तुमच्या वहीतली ती ओळ अनेकांच्या वहीत असते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. मंद आणि प्रखर ही जोडी उजेड किती आहे ते सांगते. सॉफ्ट-हार्डचा प्रश्न वेगळा आहे: सावलीची कड कशी आहे?

मेणबत्ती घ्या. तिच्याइतका मंद उजेड दुसरा कुठला? पण तिच्यासमोर बोटांचं हरीण करा, भिंतीवर शिंगांसकट उमटतं. ज्योत एवढीशी असते म्हणून. उलट ढगाळ दुपारी उजेड मेणबत्तीच्या कितीतरी पट असतो आणि स्वतःची सावली पायाशी शोधावी लागते. म्हणजे मंद उजेड कडक असू शकतो आणि भरपूर उजेड मऊ असू शकतो.

सगळा खेळ चेहऱ्यावरून पाहिलं तर दिवा केवढा दिसतो याचा. सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्याने आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून निरभ्र दुपारच्या सावल्या रेखीव. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवला तर तो साधारण ४८ अंश व्यापतो. तोच ३ मीटरवर नेलात की १७ अंश. सॉफ्टबॉक्स तोच, कापड तेच, उजेड मात्र कडक झाला. पॉवरच्या बटणाचा इथे काही संबंध नाही.

शब्दांपैकी 'सौम्य' मी बाद करेन. सौम्य औषध, सौम्य शिक्षा, सगळीकडे तो 'कमी तीव्र' याच अर्थाने येतो, म्हणजे फिरून तुम्ही पॉवरच कमी करणार. 'कोमल' ऐकलं की मला पुढे गंधार ऐकू येतो. 'मऊ' घ्या. आणि हार्डला 'कडक'. कडक उन्हात तीव्रतेचा अर्थ आहे हे मान्य, पण कडक इस्त्रीही आहे ना! तिथे घडीची रेघ कशी दिसते, तशीच या उजेडात सावलीची कड दिसते.

प्रतिसाद

'मऊ'ला अनुमोदन. भर इतकीच, की सावलीच्या कडेसाठी शब्द शाळेतच शिकवलेले आहेत. ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया असत. प्रच्छाया म्हणजे जिथे उजेड अजिबात पोचत नाही तो गाभा, उपच्छाया म्हणजे जिथे अर्धामुर्धा पोचतो तो भोवतालचा पट्टा. मऊ उजेड म्हणजे रुंद उपच्छाया. सॉफ्टबॉक्स जवळ आणला की नाकाच्या सावलीची उपच्छाया पसरते, बस्स. वहीत हे लिहिलं असतंत तर चार संध्याकाळी वाचल्या असत्या.

आता माझा आवडता मुद्दा. चेहऱ्यावर दोन प्रकारचा काळोख असतो. एक, गालाचा जो भाग दिव्याकडून वळून पलीकडे गेलेला असतो तो. दुसरा, नाकाने मध्ये येऊन गालावर टाकलेला. पहिला हळूहळू गडद होत जातो, दुसऱ्याला आकार असतो. आपण दोन्हींना सावलीच म्हणतो आणि मग 'सावली जास्त आहे' या तक्रारीत नेमकी कोणती ते कळत नाही. माझी सूचना: पहिल्याला 'छाया' म्हणा, दुसऱ्याला 'पडछाया'. त्या शब्दात 'पडणं' आयतंच आहे.

जाता जाता: फोटोग्राफी हा शब्द इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी मार्च १८३९ मध्ये रॉयल सोसायटीपुढच्या निबंधात वापरला, ग्रीकमध्ये प्रकाशलेखन. त्याच वर्षी जानेवारीत फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅलबट यांनी मांडलेल्या निबंधातल्या एका भागाचं शीर्षक मात्र 'सावली स्थिर करण्याची कला' अशा अर्थाचं होतं. मराठीने 'छायाचित्र' म्हणून टॅलबटच्या पारड्यात मत टाकलं. मला वाटतं बरंच केलं. पोर्ट्रेट शिकणाऱ्याने पाहायची असते ती सावलीच.

प्रतिसाद

'पडछाया' पटत नाही. तो शब्द आता 'थोरल्या भावाची पडछाया' असाच येतो, माणसांबद्दल. किंवा भुताखेतांच्या गोष्टीत.

प्रतिसाद

येऊ दे की. वही त्यांची आहे, भुतं त्यांची त्यांना दिसतील.

मी काही वर्षं स्टुडिओत दिवे हलवण्याचंच काम केलंय, त्यामुळे माझी मराठी तिथली. आम्ही 'लाइट मार', 'बाउन्स मार', 'थर्माकोल लाव' असं बोलायचो. पण एक अस्सल शब्द रोज तोंडी असायचा, 'उठाव'. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच फ्लॅश लावला की चेहरा सपाट येतो, दिवा बाजूला नेला की उठाव येतो. स्टुडिओ फ्लॅशमध्ये सतत पेटता असणारा छोटा दिवा असतो ना, मॉडेलिंग लॅम्प, त्याचा मॉडेल बसवण्याशी संबंध आहे असं नवखे समजतात. ते मॉडेलिंग म्हणजे हाच उठाव. फ्लॅश उडण्याआधी सावल्या कुठे पडतील ते दाखवायला तो असतो.

प्रश्नकर्त्यांना एक गृहपाठ. फोटो काढूच नका. खोलीत अंधार करा, मॉडेलिंग लॅम्प तेवढा लावा, बहिणीला समोर बघायला सांगा आणि फक्त नाकाच्या सावलीवर नजर ठेवा. दिवा अगदी समोर आणि डोळ्यांच्या वर असेल तर सावली नाकाखाली सरळ पडते, दोन्हीकडे पंख पसरल्यासारखी. हे बटरफ्लाय. आता दिवा त्याच उंचीवर ठेवून हळूहळू तुमच्या उजवीकडे सरकवा. सावली डावीकडे निघते, नाकपुडीला वळसा घालते आणि ओठाच्या कोपऱ्याकडे उतरते. गालावरच्या छायेला अजून टेकलेली नाही तोवर ते लूप. आणखी सरकवा. एका क्षणी ती पुढे जाऊन गालावरच्या छायेला चिकटते आणि डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण कोंडला जातो. हे रेम्ब्रांट. हा डच चित्रकार (१६०६ ते १६६९) ज्या तऱ्हेने चेहरे रंगवायचा त्यावरून पडलेलं नाव. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको आणि नाकापेक्षा लांब नको, असा ढोबळ नियम आहे. अजून सरकवलंत की त्रिकोण विझतो आणि अर्धा चेहरा काळा, ते स्प्लिट.

ही चार नावं म्हणजे चार वेगवेगळ्या मांडण्या आहेत असं पुस्तकी शिकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात एकाच दिव्याच्या वाटेवरचे ते चार थांबे आहेत. चपटं नाक असेल तर रेम्ब्रांटचा त्रिकोण बंद व्हायला दिवा बराच बाजूला न्यावा लागतो, लांब नाक असेल तर लगेच बंद होतो. म्हणून '४५ अंशावर ठेवा' हे ऐकून घ्या आणि सोडून द्या.

प्रतिसाद

एका भाषांतरात की लाइटला 'किल्ली दिवा' वाचलंय. स्वतःच्या डोळ्यांनी.

'मुख्य दिवा' म्हणा, सुटसुटीत आहे. फिलला 'पूरक'. पूरकचं काम मुख्य दिव्याने केलेली छाया उजळणं. त्याने स्वतःची दुसरी पडछाया टाकली (होय, मी तो शब्द घेतला) तर नाकाच्या दोन्ही बाजूंना मिशा उगवतात. नवख्याकडे दुसरा फ्लॅश आला की पहिल्या आठवड्यात हमखास होतं. त्यापेक्षा मुख्य दिव्याचाच उजेड परतवणारा पांढरा थर्माकोल बरा.

लो-की आणि हाय-की यांनाही 'अंधुक फोटो' आणि 'उजळ फोटो' करू नका. लो-कीमध्ये मुख्य आणि पूरक यांच्यातली तफावत मोठी असते, चित्रात काळ्याचं राज्य असतं, पण उजेडातला गाल व्यवस्थित उजळच हवा. तो काळा आला तर त्याला अंडरएक्स्पोज्ड म्हणतात, कला नव्हे.

प्रतिसाद

फेदरिंगसाठी 'ओझरता' कसा वाटतो? सॉफ्टबॉक्सचं तोंड चेहऱ्यावर न रोखता थोडं पुढे वळवायचं, म्हणजे मधला झोत नाकासमोरून निघून जातो आणि चेहऱ्याला कडेचाच उजेड लागतो. 'ओझरता उजेड' हे त्याचं तंतोतंत वर्णन आहे. पिसाचा संबंध जोडत बसायची गरज नाही.

आणि फॉलऑफला 'ओसरणं'. पाणी ओसरतं तसा उजेड ओसरतो, आणि तो व्यस्त वर्गाच्या नियमाने ओसरतो: अंतर दुप्पट, उजेड एक चतुर्थांश, म्हणजे २ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). दिवा नाकापासून अर्ध्या मीटरवर असेल आणि कान त्याहून १५ सेंटिमीटर मागे, तर नाकावर कानाच्या सुमारे १.७ पट उजेड पडतो. तोच दिवा २ मीटरवर नेला तर फरक १.१६ पटीवर येतो, डोळ्याला जाणवतही नाही. मागची भिंत काळी हवी असेल तर दिवा माणसाच्या जवळ आणा आणि माणूस भिंतीपासून लांब बसवा. भिंतीला काळा रंग द्यायला नको.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. काल गृहपाठ केला. दिवा सरकवत गेलो आणि त्रिकोण बंद होताना खरंच दिसला, आधी नाकाच्या सावलीचं टोक थरथरतंय असं वाटलं (बहीण हसत होती), मग ते गालाच्या छायेत मिसळलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा असं झालं की कॅमेरा बंद होता आणि कळत मात्र होतं. मग सॉफ्टबॉक्स इतका जवळ आणला की त्याची कड फ्रेममध्ये येऊ लागली, जेमतेम तेवढा मागे घेतला आणि मग पॉवर कमी केली. या वेळी योग्य कारणासाठी: दिवा जवळ आल्याने फोटो पांढरा पडत होता. नाकाच्या सावलीची कड विरघळली.

वहीतली पहिली ओळ खोडून आता असं लिहिलंय: 'मऊ = चेहऱ्याच्या हिशेबाने मोठा दिवा. मंद = कमी पॉवर. दोघांची ओळख नाही.' छाया, पडछाया, उठाव, ओझरता, ओसरणं, पूरक हे सगळे दाखल. पडछायेला विरोध करणाऱ्यांची नोंदही कंसात घेतली आहे.

कॅचलाइट, म्हणजे डोळ्यात दिसणारी दिव्याची चमक, राहिलाच. मी 'तेजबिंदू' लिहिणार होतो. बहिणीने स्क्रीनवर स्वतःचा डोळा मोठा करून पाहिला, बुबुळावर वरच्या बाजूला सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन होता. म्हणाली, "डोळ्यात खिडकी आलीये." मला 'डोळ्यातली खिडकी' तेजबिंदूपेक्षा फार आवडलं. त्यावरून दिव्याचा आकारही कळतो आणि तो कुठल्या बाजूला होता तेही.

अडचण एवढीच, की आज छत्री लावली होती. डोळ्यात गोल आलाय, काड्यांसकट. याला काय म्हणू?