इंदूरजवळच्या जंगलवाटा : तुमची आवडती कोणती?

पाऊस लागला की पुण्याचे नातेवाईक फोनवर हमखास ऐकवतात, तुमच्या माळव्यात कसला ट्रेक, सगळं सपाट! अहो महूच्या पुढे या एकदा, पठार संपतं आणि विंध्य धाडकन निमाडात उतरतो. तर आपापल्या वाटा लिहा, आठवणींसकट.

माझी कालाकुंडची. लहानपणी खंडव्याला मावशीकडे मीटरगेजच्या गाडीनं जायचो, पातालपाणी सोडलं की आई खिडकीतून हात आत घ्यायला लावायची कारण बोगदे सुरू. (ही लाइन तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना 1 कोटी कर्ज देऊन टाकवून घेतली, बाबा हे प्रत्येक वेळी सांगायचे, प्रत्येक वेळी!) 2018 च्या डिसेंबरात हेरिटेज ट्रेन सुरू झाल्यावर एका पावसाळ्यात परत गेले. कालाकुंडला उतरून पानातला कलाकंद घेतला आणि चोरल नदीच्या कडेकडेनं सागाच्या जंगलात निघालो, पाऊस सागाच्या पानांवर पडतो तो आवाज पत्र्यावर पडल्यासारखा, बोलणंच बंद होतं सगळ्यांचं.
– राजेंद्रनगर

पातालपाण्याला रविवारी जाऊ नका, नुसती माणसं. आणि धबधब्याच्या वरच्या पात्रात तर उतरूच नका. 2011 च्या जुलैत एक कुटुंब तिथे वाहून गेलं, आपल्या डोक्यावर थेंब नसतो पण मागे डोंगरात पडलेला असतो आणि पाणी मिनिटांत चढतं. आमच्या घरी तेव्हापासून नियम, पाणी गढूळ दिसलं की मुकाट बाहेर.
– सुदामानगर

आम्ही म्हातारे-म्हातारी, आमचं रालामंडल. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघायचं, हळूहळू वर होळकरांच्या शिकारगाहपर्यंत. एकदा गार्ड म्हणाला काका, कल तेंदुआ दिखा था, तर ही म्हणते बरं झालं काल नाही आलो. गुडघे बोलतात हो, पण वरून अख्खं इंदूर दिसतं.
– रामबाग

जानापाव!! गाडी वर जाते म्हणून लोक गाडीनंच जातात, मला हे पटत नाही. पायथ्यापासून चाला. वर परशुरामाचं स्थान, कुंड, आणि चंबळ तिथूनच निघते म्हणतात. ती बया उत्तरेला यमुनेकडे जाते आणि शेजारची चोरल दक्षिणेला नर्मदेत. कार्तिक पौर्णिमेला जत्रा असते, शांतता हवी तर ते दिवस टाळा.

माझा किस्सा कजलीगढचा, सिमरोलकडचा. किल्ला पाहून आम्ही चौघं शॉर्टकटच्या नादात खाली जंगलात उतरलो, नेटवर्क गेलं, मग माझ्या बुटाचा तळवा सुटला, तो दोरीनं बांधून दोन तास खाकऱ्याच्या (म्हणजे पळसाच्या) झुडपांतून फिरलो आणि शेवटी निघालो कुठे तर जिथून उतरलो तिथेच. एक शेळ्यावाला पोरगा मघापासून बघत होता म्हणे. विचारलं सांगितलं का नाही भिया, तर म्हणाला आप लोग घूम रहे थे ना. सोबत सेव-परमल (शेव-चुरमुरे) होतं ते त्यालाच दिलं.
– लोकमान्यनगर

मे महिन्यात पण जा कुणीतरी. पानं झडलेली, कडा-न्-कडा दिसतो.

जामगेटचं कुणीच लिहिलं नाही? अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलाय, दारात उभं राहिलं की ढग खाली आणि आपण वर. महूवरून मंडलेश्वरच्या रस्त्यावर आहे. जुलैतल्या पहिल्या शनिवारी निघतोय, गाडीत दोन जागा आहेत, डबा आपापला आणा, जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला) माझ्याकडे.